कुणासाठी घाबरायचं?

भयकादंबरीच्या मलपृष्ठावर 'कमकुवत मनाच्या वाचकांनी लांब राहावे' असं छापणं प्रकाशकांनी आता थांबवावं. त्या एका ओळीत वाचकाचाही अपमान आहे आणि लेखकाचाही. लेखकाने तीनशे पानांत माणसं उभी केली, घर उभं केलं, आणि प्रकाशकाने ते सगळं दचकवण्यावर आणून ठेवलं. दचकणं सोपं आहे. स्वयंपाकघरात मांजराने पातेलं पाडलं तरी माणूस दचकतो. घाबरायला मात्र हातात आधी काहीतरी गमावण्यासारखं असावं लागतं.

गेल्या काही महिन्यांत भयकादंबऱ्या ओळीने वाचल्या. काही नव्या, काही जुन्या, पुन्हा हातात घेतलेल्या. मधूनमधून भुताखेतांशी काही संबंध नसलेली पुस्तकंही वाचली. या वाचनातून एक कसोटी हाती लागली. पुस्तक मिटल्यावर स्वतःला विचारायचं: मी कुणाला घाबरले, की कुणासाठी घाबरले? वाईट भयकथा एखाद्याकडे बोट दाखवते आणि याला घाबरा म्हणते. चांगली भयकथा एखाद्याचा हात आपल्या हातात देते आणि मग दिवे घालवते. ही कसोटी लावली की मोठमोठी नावं खाली येतात आणि दुर्लक्षित नावं वर जातात. तीच लावून हे निकाल.

एलिनॉरची गाडी

शर्ली जॅक्सन यांची 'द हाँटिंग ऑफ हिल हाउस' १९५९ सालची. झपाटलेल्या वाड्याच्या गोष्टी तिच्याआधी ढिगाने होत्या, नंतरही झाल्या. तरी हीच का टिकली, याचं उत्तर वाड्यात शोधू नका. ते एलिनॉर व्हान्समध्ये आहे. वय बत्तीस. त्यातली अकरा वर्षं अंथरुणाला खिळलेल्या आईची सेवा करण्यात गेली. आई गेल्यावर बहिणीच्या घरी राहणं आलं. दोघी बहिणींनी मिळून घेतलेल्या गाडीची किल्लीही तिला मिळत नाही. एके सकाळी ती न विचारता गाडी घेऊन निघते आणि हिल हाउसला पोचते.

माझ्या मते कादंबरीतला सर्वांत महत्त्वाचा प्रसंग हा गाडीचा आहे. अशी एक मावशी किंवा आत्या आपल्यातल्या अनेकांच्या घरात असते. आईच्या आजारपणात लग्नाचं वय निघून गेलेलं, भावाच्या घरात एका खाटेपुरती जागा, आणि सगळ्यांच्या तोंडी 'तिचं काय, तिला कुठे जायचंय'. जॅक्सननी अशा बाईला वाड्यात पाठवलं आणि त्या वाड्याला ती हवीशी वाटली. आयुष्यात पहिल्यांदा तिला कुणीतरी नावाने बोलावलं, ते भिंतीवर उमटलेल्या अक्षरांनी. अंधारात तिने कुणाचा तरी हात घट्ट धरलेला असतो. उजेड होतो तेव्हा ज्या मैत्रिणीचा हात आहे असं वाटत होतं ती खोलीच्या पलीकडे असते. हा प्रसंग जगभर गाजला. पण तो अंगावर येतो, कारण या बाईचा हात आजवर कुणी धरलेलाच नव्हता हे आपल्याला ठाऊक असतं.

२०१८ साली याच नावाची मालिका नेटफ्लिक्सवर आली. माइक फ्लॅनगन यांनी तीत सगळ्यांना एकाच कुटुंबातली भावंडं केलं. मालिका देखणी आहे, पण तिने पुस्तकाचा कणाच काढून घेतला. एलिनॉरला आपलं म्हणावं असं कुटुंब नाही, म्हणूनच तो वाडा तिचं घर होऊ शकतो. पुस्तक वाचा. जॅक्सन अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, १९६५ साली गेल्या. त्यांनी आणखी वीस वर्षं लिहायला हवं होतं.

ज्यांची जमीन, ते कुठे आहेत?

स्टीफन किंग यांची 'पेट सिमेटरी' १९८३ सालची. किंग मेन राज्यातल्या ऑरिंग्टन गावी भाड्याच्या घरात राहत होते. घरासमोरचा रस्ता ट्रकांच्या वर्दळीचा. मुलीचं मांजर त्या रस्त्यावर मेलं, आणि धाकटा मुलगाही एकदा रस्त्याकडे धावत सुटला होता. त्या धसक्यातून ही कादंबरी लिहून झाली आणि स्वतः किंग यांनीच ती फार काळोखी वाटून बाजूला ठेवली. प्रकाशकाशी झालेला करार पुरा करायचा होता म्हणून ती पुढे बाहेर आली.

बापाच्या दुःखाचं इतकं निर्दय चित्रण भयसाहित्यात विरळा. लुई क्रीड हा डॉक्टर आहे. मृत्यू म्हणजे मृत्यू, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तोच माणूस मेलेल्या मुलाला परत आणायला खांद्यावर फावडं टाकून निघतो तेव्हा 'नको रे बाबा' असं आपण मोठ्याने म्हणतो. आपण त्याला घाबरत नाही, त्याच्यासाठी घाबरतो. इथपर्यंत किंगना पैकीच्या पैकी गुण.

पण मेलेल्यांना परत आणणारी ती जमीन मिकमॅक आदिवासींची जुनी दफनभूमी आहे, असं कादंबरी सांगते. आणि साऱ्या पुस्तकात त्यांच्यातला एकही महत्त्वाचा माणूस नाही. त्यांची जमीन आहे, त्यांचा शाप आहे, ते स्वतः नाहीत. अमेरिकी भयकथेने ही युक्ती वर्षानुवर्षं वापरली: ज्यांना हुसकावलं त्यांच्या थडग्यांवर घर बांधायचं आणि मग त्या थडग्यांनाच घाबरायचं. इथे किंगचे गुण मी कापते.

ब्लॅकफीटचा पिशाच्च

त्या युक्तीला चोख उत्तर स्टीफन ग्रॅहॅम जोन्स यांनी दिलं आहे. ते स्वतः ब्लॅकफीट या आदिवासी जमातीचे. त्यांची 'द बफेलो हंटर हंटर' २०२५ मध्ये आली. २३ जानेवारी १८७० रोजी मोंटानातल्या मरायस नदीकाठी अमेरिकी लष्कराने हेवी रनर या सरदाराच्या तळावर गोळीबार केला. तळ शांततेचा होता, तिथे देवीची साथ चालू होती. सुमारे दोनशे माणसं मारली गेली, त्यांत बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं. कादंबरी या हत्याकांडाभोवती फिरते.

गुड स्टॅब हा ब्लॅकफीट तरुण रक्तपिपासू पिशाच्च होतो आणि रानरेड्यांचे कळप संपवणाऱ्या शिकाऱ्यांची शिकार करू लागतो. १९१२ साली तो एका ल्युथरन पाद्र्यासमोर बसून आपली कहाणी सांगतो. जोन्स यांनी पिशाच्चाला घातलेला एक नियम मला विलक्षण वाटला: तो ज्याचं रक्त पितो, हळूहळू त्याच्यासारखा होत जातो. गोऱ्यांचं प्यायला तर दाढी फुटू लागते. आपला आपण राहायचं असेल, तर त्याला आपल्याच लोकांचं रक्त प्यावं लागेल. जगायचं असेल तर आपल्यांना खा, नाहीतर शत्रूसारखा हो. वसाहतवादाने एका समाजापुढे ठेवलेला पेच जोन्स यांनी एका नियमात बसवला आणि व्याख्यान एका ओळीचंही दिलं नाही.

वाचायला पुस्तक कठीण आहे. गुड स्टॅब प्राण्यांना आपल्या भाषेतल्या नावांनी ओळखतो, त्यामुळे पहिली शंभर पानं चाचपडत जावं लागतं. चाचपडा. ज्यांची भाषा पुसली गेली त्यांच्यासाठी वाचकाने थोडे कष्ट घ्यायला हरकत नाही.

आई, जिचं मूल घेतलं

सुझन हिल यांची 'द वूमन इन ब्लॅक' १९८३ सालची, छोटेखानी आणि बांधेसूद. भरती आली की जगापासून तुटणारं खाडीतलं घर, तिथे कागदपत्रं तपासायला गेलेला तरुण वकील, आणि काळ्या कपड्यातली कृश बाई. ती कोण? लग्नाआधी मूल झालं म्हणून ते जिच्याकडून काढून घेऊन बहिणीला दिलं गेलं, आणि जिने त्याला डोळ्यांदेखत दलदलीत बुडताना पाहिलं, ती.

वातावरणात हिल यांना तोड नाही. पण मला त्यांच्याशी भांडायचं आहे. एवढी मोठी जखम हातात असताना त्यांनी त्या आईला फक्त सूड दिला. जिच्यासाठी रडायचं तिलाच घाबरायला लावलं.

हे भांडण निव्वळ इंग्रजी कादंबरीशी नाही. आपल्या लोकसमजुतींत काय आहे? बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते, अळवंतीण होते. मुंज झालेला, लग्नाआधी मेलेला मुलगा मुंजा होऊन पिंपळावर बसतो. ब्राह्मण मेला तर ब्रह्मसमंध, म्हणजे मेल्यावरही जात सुटत नाही. ज्या बाईपाशी वेळेवर सुईण पोचली नाही, तिच्या वाटेत गावाने खिळे ठोकले. ज्या पोराला वैद्य मिळाला नाही, त्याच्या झाडाखालून जाणं टाळलं. आपली भुतं बहुतेक अशी आहेत: जगताना ज्यांना वाचवलं नाही त्यांची. हा खजिना मराठी भयलेखकासमोर उघडा पडला आहे आणि अजून बरेच जण त्यातून फक्त उलटे पाय उचलतात.

जखमेचं काय करायचं असतं, ते टोनी मॉरिसन यांच्या 'बिलव्हेड'मध्ये पाहा. १८५६ साली केंटकीतून पळालेल्या मार्गारेट गार्नर या गुलाम स्त्रीने, पकडले जातोय हे दिसताच, मुलीला पुन्हा गुलामीत जाऊ न देण्यासाठी तिला मारलं. या खऱ्या घटनेवरून मॉरिसननी १९८७ मध्ये भुताची गोष्ट लिहिली. त्यात मुलीचं भूत परत येतं आणि ते भूतच आहे. ते रूपक नाही. ते खातं, झोपतं, हट्ट करतं, आईला पोखरतं. आपण तिघींसाठी घाबरतो: आईसाठी, जिवंत मुलीसाठी आणि मेलेल्या मुलीसाठीही. पुढच्या वर्षी कादंबरीला पुलित्झर मिळालं आणि तेव्हापासून ती भयकादंबऱ्यांच्या कप्प्यात कुणी ठेवलीच नाही. समीक्षकांची ही जुनी खोड आहे. भयकथा सामान्य असली की ती भयकथा, थोर असली की ते साहित्य. हा अन्याय थांबला पाहिजे. 'बिलव्हेड' भयकादंबरी आहे आणि त्यामुळे तिची उंची इंचभरही कमी होत नाही.

ड्रॅक्युला: मिनाला बैठकीत बसवा

ब्रॅम स्टोकर यांची 'ड्रॅक्युला' १८९७ सालची. पुन्हा वाचली, आणि पहिला किल्ल्याचा भाग आजही अजोड वाटला. इंग्लंडच्या रेल्वेचं वेळापत्रक वाचत बसलेला पिशाच्च हा तपशील सुचायला प्रतिभा लागते. पण कादंबरीचं भय एका दिशेने वाहतं: पूर्वेकडून परका येतो, लंडनमध्ये घर घेतो, आपल्या बायका बिघडवतो. हे भय आजच्या निवडणूक सभांमध्येही ऐकू येतं. म्हणूनच ते कादंबरीत ओळखता येणं गरजेचं आहे.

माझ्या मते कादंबरीची खरी नायिका मिना. सगळ्यांच्या रोजनिशा, पत्रं, तारा ती टंकलेखन यंत्रावर उतरवून क्रमाने लावते. तिच्यामुळे त्या पुरुषांना आपण कशाशी लढतोय हे कळतं. मग ते तिचे आभार मानतात आणि बाईमाणसाला झेपणार नाही म्हणून तिला बैठकीतून दूर ठेवतात. ड्रॅक्युला नेमकं तिलाच गाठतो. सव्वाशे वर्षं झाली, तरी कित्येक कचेऱ्यांमधली बैठक अजून याच पद्धतीने चालते. कादंबरीतली ही चूक स्टोकरना दिसली होती की नाही याचा वाद संशोधकांनी घालावा. वाचकांनी तिथे चिडावं.

रात्रीतला आपला वाटा

अर्जेंटिनाच्या मारियाना एन्रिकेझ यांची 'अवर शेअर ऑफ नाइट' मूळ स्पॅनिशमध्ये २०१९ साली आली आणि तिला एर्राल्दे पुरस्कार मिळाला. इंग्रजी अनुवाद मेगन मॅकडॉवेल यांचा. एका गुप्त पंथाला अमरत्व हवं आहे. पंथात धनाढ्य जमीनदार घराणी आहेत. अंधाराशी संपर्क साधायला त्यांना एक माध्यम लागतं. ते माध्यम म्हणजे हुआन, हृदयाने अधू, बायको नुकतीच गेलेली. त्याला एकच गोष्ट करायची आहे: आपला मुलगा गास्पार या लोकांच्या हाती लागू द्यायचा नाही.

सुरुवातीचा काळ अर्जेंटिनातल्या लष्करी राजवटीचा (१९७६ ते १९८३). माणसं नाहीशी होत होती, आणि त्या आड श्रीमंत पंथाला हवी तितकी माणसं नाहीशी करता येत होती. राजवट आणि पंथ यांची सांगड एन्रिकेझ यांनी मुद्दाम जुळवल्यासारखी वाटू दिलेली नाही. तपासनाक्यावरचा शिपाई आणि जंगलातला अंधार एकाच प्रवासात भेटतात, त्यामुळे दोन्हींची भीती एकच होऊन जाते.

पुस्तक जाडजूड आहे आणि लंडनचा भाग निम्म्यावर आणता आला असता. पण हुआन आणि गास्पार यांच्यासाठी मी ज्या तळमळीने पानं उलटली, तशी तळमळ गेल्या काही वर्षांत दुसऱ्या कादंबरीने दिली नाही. बाप मुलाला वाचवण्यासाठी क्रूर होतो. तो वाचवतोय हे मुलाला सांगताही येत नाही. हे भय बाप झालेल्या प्रत्येकाला कळेल. या वाचनातली माझी पहिल्या क्रमांकाची कादंबरी हीच.

धारप: उघड नाव, उघड आधार

नारायण धारप (१९२५–२००८) यांच्या पुस्तकांची पानं वाचनालयात सगळ्यांत जास्त हाताळलेली दिसतात. मराठी साहित्याच्या इतिहासात मात्र त्यांना मोठ्या मुश्किलीने एखादा परिच्छेद मिळतो. हे बरोबर नाही. रसायनशास्त्र शिकलेल्या या माणसाने मराठी मध्यमवर्गाला विश्व आपल्या घरापेक्षा मोठं आणि कमी मायाळू आहे हे सांगितलं. त्यांच्या गोष्टीत सुरुवातीला काही विपरीत घडत नाही. वाडा, खोल्या, शेजारी, नोकरी, सगळं ओळखीचं. मग एक वस्तू जागची हलते.

'लुचाई'चा आधार किंग यांची १९७५ सालची 'सेलम्स लॉट' आहे, हे आता वाचकांना ठाऊक आहे. मेनमधलं गाव मराठी मुलखात आणणं हे हमालीचं काम नव्हे; इथली नाती, इथली श्रद्धा, इथला संकोच सगळं नव्याने बसवावं लागतं. धारप ते करत. किंग यांच्या 'ग्रॅमा' या कथेवरून त्यांची 'आजी' झाली, आणि तिथून २०१८च्या 'तुंबाड' चित्रपटातली म्हातारी आली. चित्रपटाचं नाव पुन्हा श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत' कादंबरीकडून. मेन ते कोकण असा हा प्रवास अभिमानाने सांगण्यासारखा आहे. म्हणून आधार घेतलेल्या प्रत्येक पुस्तकावर मूळ कृतीचं नाव पहिल्या पानावर ठळक हवं. हा नियम धारपांपुरता नको, आज मालिका आणि वेबसीरिज लिहिणाऱ्या सगळ्यांना हवा. आधार सांगितल्याने धारप लहान होत नाहीत. लपवाछपवी झाली तर वाचकाचा विश्वास लहान होतो.

तक्रारही आहे. 'समर्थ' मालिकेत समर्थ आले की जीव भांड्यात पडतो आणि गोष्ट तिथेच मरते. तारणहार येणारच आहे हे ठाऊक असेल तर मी त्या कुटुंबासाठी कशाला घाबरू? समर्थ नसलेले धारप मला जास्त मोठे वाटतात.

मतकरी: भूत घरातलंच

रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांच्या गूढकथांमध्ये बहुतेक वेळा भूत बाहेरून येत नाही. हेवा, लोभ, अपंगत्वाकडे बघण्याची घरच्यांची नजर, न बोललेलं वैर, हे सगळं घरातच असतं. मतकरी फक्त दार लावून घेतात आणि आपल्याला आत ठेवतात. 'खेकडा' वाचलेला माणूस ती कथा विसरत नाही. 'मध्यरात्रीचे पडघम', 'निजधाम', 'कबंध' हे संग्रह आजही नव्या वाचकाच्या हातात द्यावेत असे.

याच मतकरींनी मुलांसाठी 'अलबत्या गलबत्या' लिहिलं आणि त्यातली चेटकीण रंगभूमीवर दिलीप प्रभावळकरांनी अजरामर केली. मोठ्यांना घाबरवणाऱ्याने पोरांना चेटकिणीवर हसायला शिकवलं. पोरं तिला घाबरतात, हसतात, आणि नाटक संपल्यावर तिला भेटायला रांग लावतात. भीतीशी निरोगी नातं कसं असावं याचं शिक्षण यापेक्षा चांगलं देता येणार नाही.

भयकथा आणि बुवा

'तुम्ही अंधश्रद्धेच्या विरोधात बोलता आणि भुतांची पुस्तकं वाचता?' हा प्रश्न मला सभांमध्ये, घरात, सगळीकडे विचारला जातो. उत्तर सरळ आहे. कादंबरीकार पहिल्या पानावर सांगतो की ही कादंबरी आहे. बुवा तसं सांगत नाही. कादंबरीकार पुस्तकाच्या किमतीएवढे पैसे घेतो आणि गोष्ट देतो; बुवा घर विकायला लावतो आणि आजार वाढवून देतो. अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात झाला, आणि वर्षानुवर्षं रखडलेला जादूटोणाविरोधी कायदा त्यानंतर त्याच वर्षी झाला. तो खून भुताने केला नाही. माणसांनी गोळ्या झाडून केला.

तरीही भयलेखकावर एक जबाबदारी येते. सातपुड्यात, नंदुरबारच्या पाड्यांवर, बायांना डाकीण ठरवून मारहाण झाली आहे, गावाबाहेर काढलं गेलं आहे. बळी कोण असते? बहुधा विधवा, एकटी, किंवा जिच्या जमिनीवर भाऊबंदांचा डोळा आहे अशी. आणि आपल्या कथांमधली चेटकीण कोण असते? म्हातारी, एकटी, गावाच्या कडेला राहणारी. ज्या लेखकाला ही दोन चित्रं शेजारी ठेवून लिहिता येत नाही, त्याने चेटकिणीला हात लावू नये. तिच्याकडे बोट दाखवून घाबरवणं हे गावातल्या जमावाचं काम आहे. लेखकाने तिच्या झोपडीत आत बसावं आणि बाहेर जमणारे पाय ऐकवावेत. हृषीकेश गुप्ते यांच्यासारख्या लेखकाने 'हाकामारी' हे लोकसमजुतीतलं नाव कादंबरीच्या मुखपृष्ठावर आणलं. या वाटेने आणखी लेखकांनी, विशेषतः लेखिकांनी, यायला हवं.

भूत नसलेली दोन पुस्तकं

या वाचनातली सर्वांत भयाण पानं भयकादंबरीत नव्हती. स्वेतलाना अलेक्सिएविच यांच्या चेर्नोबिलवरच्या पुस्तकात होती. २६ एप्रिल १९८६च्या स्फोटानंतर आग विझवायला गेलेल्या एका जवानाची तरुण, गरोदर बायको मॉस्कोच्या रुग्णालयात त्याच्या उशाशी बसते. जवळ जाऊ नकोस, असं सगळे सांगतात. ती जाते. चौदा दिवसांत तो जातो. पुढे बाळ जन्मतं आणि काही तासांत जातं. जे मारतंय ते दिसत नाही, त्याला वास नाही, आणि प्रेमच त्याला वाट करून देतं. कुठल्याही पिशाच्चाला इतका क्रूर नियम कुणी घालू शकलेलं नाही.

दुसरं पुस्तक मराठी. बाबूराव बागूल यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह, १९६३ सालचा. शीर्षककथेतला तरुण रेल्वेत नोकरीला परगावी जातो आणि डोक्यावर छप्पर मिळावं म्हणून जात लपवतो. लोक त्याला मान देतात, त्याच्या बुद्धीचं कौतुक करतात. प्रत्येक कौतुकासरशी आपल्या पोटात खड्डा पडतो, कारण उघड पडण्याचा क्षण जवळ येतोय. तणाव कसा वाढवावा याचा हा वस्तुपाठ भयकथा लिहिणाऱ्या प्रत्येकाने अभ्यासावा. त्यात अंधारी खोली नाही, किंकाळी नाही. शेजारचे सभ्य लोक आहेत आणि 'तुमचं आडनाव काय' हा प्रश्न आहे. साठ वर्षांनंतरही भाड्याची खोली शोधताना हा प्रश्न येतोच. बागूलांना भयकथाकार म्हणावं असं मी सुचवत नाही. भय म्हणजे काय, हे मराठीत त्यांनी ज्या स्पष्टपणे सांगितलं, तिथून भयकथेने मोजायला सुरुवात करावी एवढंच म्हणते.

मागणी

आता मराठी लेखकांकडे मागणी. वाडा, अमावास्या, कोकणातला घाट आणि पांढरी साडी यांना काही वर्षं रजा द्या. आपल्याकडे नवं भय शिल्लक नाही असं म्हणणाऱ्याने घराबाहेर पडून पाहावं. उजनी धरणाचं पाणी उतरलं की इंदापूर तालुक्यातलं जुन्या पळसदेवचं देऊळ वर येतं. लोक होडीतून ते बघायला जातात, फोटो काढतात. ज्यांचं गाव पाण्याखाली गेलं त्यांची नातवंडंही त्या गर्दीत असतील. यावर एक मराठी भयकादंबरी हवी. बीडच्या ऊसतोड बायकांनी गर्भाशयं काढून टाकली, कारण पाळीच्या दिवसांत कामाला खाडा पडला की पैसे कापले जातात. यावर हवी. पुनर्विकासाच्या इमारतीत एकटीच उरलेली, सही न करणारी भाडेकरू आजी. हप्ता थकला म्हणून फोनमधल्या प्रत्येक नंबरावर पोचणारा वसुलीवाला. मुलं अमेरिकेत, आणि पुण्यातल्या तीन खोल्यांत रात्री एकमेकांचा श्वास मोजणारं म्हातारं जोडपं. या सगळ्यांवर हवी.

पण लिहिण्याआधी त्यांच्याकडे जा. पळसदेवच्या माणसाला विचारा की कुठलं झाड आठवतं. बीडच्या बाईला विचारा की फडात रात्री कशाची भीती वाटते. बिबट्याची, मुकादमाची, की सकाळची. त्यांची उत्तरं हातात असतील तर भूत कितीही मोठं आणा, खुशाल आणा, वाचक विश्वास ठेवेल. आणि संपादकांनो, अशी कादंबरी आली तर तिला दिवाळी अंकाच्या मागच्या पानांत ढकलू नका. पुरस्कार समित्यांनो, तिच्यात भूत आहे एवढ्या कारणावरून ती बाजूला ठेवू नका. ज्या भाषेत बागूल, धारप आणि मतकरी लिहून गेले, त्या भाषेच्या वाचकाला कशाचंही भूत दाखवा, फक्त त्याच्या शेजारी एक माणूस उभा करा, ज्याचं बरंवाईट झालं तर आम्हाला झोप येणार नाही.